सात जणांची गाडी

शहापूरला महामार्गाच्या कडेला गाड्यांचं नवं शोरूम झालं आहे. धान कापून झाल्यावरच्या एका सकाळी उषाबाई त्याच्या काचेच्या दारापाशी आल्या आणि चपला काढून आत शिरल्या. आतली फरशी तळ्याच्या पाण्यासारखी चकाकत होती. तिच्यावर चपलांनी चालणं त्यांच्या जिवाला पटेना.

आत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पिकअप, पुढे पाच जणांची केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा. दुसरी भली थोरली, गाभण म्हशीसारखी रुंद, आत खुर्च्यांच्या तीन ओळी. दोन्ही हायब्रीड, म्हणजे पेट्रोलवरही चालणाऱ्या आणि बॅटरीवरही. कंपनीने त्या काही आठवड्यांपुरत्या भंडारा जिल्ह्यात पाठवल्या होत्या. असल्या महागड्या, मोठ्या गाड्यांना इकडे गिऱ्हाईक आहे की नाही, ते तिला पाहायचं होतं.

हे काम दामिनीकडे होतं. मोहाडीच्या विणकर घरातली पोरगी. घरी दिवसभर मागाची खटखट, त्यामुळे सगळं घर मोठ्याने बोलायचं, आणि दामिनीचा आवाजही तसाच खणखणीत होता. तिच्या साहेबांचा हिशेब सरळ होता : राईस मिलवाले येतील, ठेकेदार येतील. ते येतही होते. बोनेटवर थाप मारायचे, ॲव्हरेज विचारायचे, गाडीसोबत फोटो काढायचे आणि चहा पिऊन निघून जायचे.

"या काकू," दामिनी पुढे झाली. "कोनासोबत आल्या?"

"एकटीच आली. यष्टीनं."

"पिकअप पाहाची आहे का? धानाचे पोते आरामात—"

"नाही. ते," उषाबाईंनी मोठ्या गाडीकडे बोट केलं.

"घरी किती जन आहा तुम्ही?"

"दोघं. मी अन् आमचे हे."

दामिनी जराशी हसली. "काकू, ते सात जनांची आहे."

"माहीत आहे मले. बाहेरूनच मोजले मी."

खरंच मोजले होते. उषाबाईंना ती सवयच लागली होती. रस्त्याने कोणतीही गाडी गेली की त्यांचे डोळे आतल्या खुर्च्या मोजायचे. पुढे दोन, मधे तीन, मागे दोन. लग्नाच्या वरातीतली असो की आमदाराच्या ताफ्यातली, मोजून झाल्याशिवाय त्यांची नजर हटत नसे.

मोहाडीच्या पलीकडे बोडीटोला नावाचं त्यांचं गाव. मधोमध तळं, आणि तळ्याच्या दोन काठांना दोन भावांची घरं. अलीकडे थोरले मधुकरराव आणि उषाबाई. पलीकडे धाकटे सेवकराम आणि त्यांची बायको ललिताबाई. उषाबाईंना मूलबाळ नव्हतं. पण ललिताबाईंची सरिता रांगायला लागली तशी जी तळ्याच्या पारेवरून, म्हणजे बांधावरून, या घरी आली, ती निम्मी इथलीच झाली. आईला आई आणि उषाबाईंना मोठीआई म्हणत ती दोन्ही घरी जेवली, दोन्ही घरी निजली.

सरिताचं लग्न नवरदेवाच्या गावी होतं, तिकडे पवनीच्या पुढे, गोसीखुर्दच्या धरणात बुडालेल्या गावाची नवी वस्ती वसली तिथे. बोडीटोल्याहून चार जीपा निघाल्या. माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. ऐन निघताना उषाबाईंना आठवलं की हळदीकुंकवाचा करंडा देवापुढेच राहिला. त्या धावत घरी गेल्या, करंडा घेऊन धावत परत आल्या, तर रस्त्यावर नुसती धूळ. मधुकररावांसकट पहिल्या जीपवाल्यांना वाटलं त्या दुसरीत आहेत, दुसरीवाल्यांना वाटलं तिसरीत. नव्या कोशाच्या रेशमी पातळात, हातात करंडा धरून, उषाबाई मारुतीच्या देवळापाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. एखादी तरी गाडी वळून येईल म्हणून. आली नाही. मग त्या घरी गेल्या, पातळ बदललं आणि तांदूळ निवडत बसल्या.

त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं थांबलं. भांडण झालं नाही, कोणी कोणाला वावगं बोललं नाही. बोलणं नुसतं आटलं, उन्हाळ्यात बोडीचं, गावतळ्याचं, पाणी आटतं तसं. दोघे भाऊ मात्र पूर्वीसारखेच रोज सकाळी पारेवर एकत्र बसून तंबाखू मळत. बायकांच्या मधात पडण्याएवढे ते अडाणी नव्हते. सरिता माहेरी आली की दोन्ही घरी राही आणि जाताना दर वेळी म्हणे, "मोठीआई, माह्या घरी कवा येशील वो?" उषाबाई म्हणत, "येईन ना." पण गेल्या नव्हत्या.

यंदा नव्या रस्त्यात त्यांची शेताच्या कडेची, धुऱ्याकडची जमीन गेली. पैसे बँकेत येऊन पडले. मधुकरराव म्हणाले, "तुले जे घेवाचं ते घे, मले काही नोको." आणि उषाबाई यष्टीत बसून शहापूरला आल्या.

"फिरवून दाखवशील का?" त्यांनी दामिनीला विचारलं.

"दाखवतो ना. कंपनीनंच सांगतलं, लोकायले घेऊन फिरा म्हनून. कुठं जाचं?"

"आमच्या गावाले."

दामिनीने दार उघडून त्यांना पुढे बसवलं, पट्टा लावून दिला, स्वतः चाकामागे बसली. उषाबाई वाट पाहत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चालू कर ना, बाई."

"चालूच आहे, काकू."

उषाबाईंनी काचेबाहेर पाहिलं. शोरूमची भिंत हळूहळू मागे सरकत होती. अंगाखाली घरघर नाही, पायाखाली थरथर नाही. डोंग्यात बसावं आणि कोणीतरी अलगद वल्हं मारावं, तसं ते सरकणं होतं.

"हळू असली का बॅटरीवर चालते," दामिनी सांगत होती. "जोर लागला का पेट्रोल जुळते. अन् ब्रेक मारला का बॅटरी आपोआप भरते."

"थांबतानी भरते?"

"हो."

उषाबाईंना ते फार नवल वाटलं. मोहाडीपर्यंत त्या काचेबाहेर पाहत राहिल्या. कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या, त्यांत रचलेले धानाचे पुंजणे, वीजतारेवरचे नीलकंठ, सगळं आवाज नसलेल्या स्वप्नासारखं दोन्ही बाजूंनी वाहत होतं. महामार्गावरचे ट्रक बाजूने गरजत गेले तरी ते जणू दुसऱ्याच कोणाच्या जगात गरजत होते.

बोडीटोल्याला गाडी तळ्याच्या पारेवर चढली तेव्हा पाण्यातली बदकं उडालीसुद्धा नाहीत. उषाबाईंनी स्वतःच्या घराकडे वळायला सांगितलं नाही. गाडी पलीकडच्या काठाला न्यायला लावली आणि एका फाटकापुढे थांबवायला सांगितली.

"आत जा," त्या दामिनीला म्हणाल्या. "तिथं ललिताबाई आहे. तिले सांग, कंपनीले मागच्या सीटवर बसाले एक मानूस पायजे. बसून कसं वाटते ते सांगाचं आहे म्हनावं."

"तुम्हीच सांगा ना, काकू."

"आमचं बोलनं नाही."

दामिनीने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या तीन ओळींकडे पाहिलं, आणि उतरली. तिला काय समजलं कोण जाणे, पण आत जाऊन तिने तिच्या खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. ललिताबाई फाटकापर्यंत आल्या. पुढच्या सीटवर कोण बसलं आहे ते त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेल्या, लुगडं बदलून, केस चापूनचोपून बाहेर आल्या आणि दामिनीला ऐकवलं, "कंपनीसाठी येऊन राहिली मी. सांगून ठेवतो."

त्या अगदी मागे, तिसऱ्या ओळीत जाऊन बसल्या. पुढे उषाबाई, मागे ललिताबाई, मधली ओळ रिकामी. उषाबाईंनी हेच तर ताडलं होतं. छोट्या गाडीत जावेच्या खांद्याला खांदा लागला असता, आणि खांदा लागल्यावर बोलायचं काय? यष्टीतही तेच. या गाडीत मात्र एखादं माणूस बोलल्याशिवाय सोबत नेता येत होतं.

तळ्याला अर्धा वळसा झाल्यावर उषाबाई समोर पाहत म्हणाल्या, "दामिनी, पवनीकडे घे."

दामिनीने आरशात पाहिलं. ललिताबाई ताठ बसल्या होत्या. पवनीकडे म्हणजे कुठे, हे दोघी जावांना समजलं होतं.

पण उषाबाईंनी एक गोष्ट ताडली नव्हती. जीपमध्ये कोणी मागे काही पुटपुटलं तर ते इंजिनाच्या घरघरीत विरून जायचं. या गाडीत घरघरच नव्हती. ललिताबाईंना एकटं पुटपुटायची लहानपणापासूनची खोड, आणि त्यांचं प्रत्येक पुटपुटणं पुढच्या सीटवर शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"पोरीकडे जाऊन राहिलो, अन् खाली हातानं," मागून आलं.

उषाबाई दामिनीला म्हणाल्या, "भंडाऱ्यात थांबजो. काहीतरी खाऊ घेऊ."

"बुंदी नोको म्हनावं," मागून आलं. "जवाई बुंदी खात नाही."

"पेढे घेऊ मंग," उषाबाई दामिनीला म्हणाल्या.

"अन् सरिताच्या गुड्डीले काजूकतली."

"अन् काजूकतली."

दामिनी दोघींचा निरोप पोचवायला तोंड उघडायची आणि तोवर उत्तर आलेलं असायचं. तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि भंडाऱ्यात दुकानापुढे गाडी लावली.

भंडारा सुटलं, पहेला गेलं. ऊन वर आलं होतं आणि रस्त्यात झाडांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी पडल्या होत्या. गाडी सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत जात होती, आणि उषाबाईंचे डोळे मिटायला लागले होते. मागचं पुटपुटणं थांबलं होतं. अड्याळच्या अलीकडे एकाएकी ललिताबाईंचा आवाज आला, पण पुटपुटल्यासारखा नाही. "वो पोरी, थांब. थांब लवकर!"

दामिनीने गाडी बाजूला घेतली. ललिताबाईंना मागच्या सीटवरून उतरता येईना. मधली खुर्ची पुढे सरकवावी लागते, ते दामिनीला सांगायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात उषाबाईच उतरल्या, दार उघडलं, खुर्ची ओढली आणि जावेचा हात धरून तिला बाहेर काढलं. रस्त्याच्या कडेला एका पळसाखाली ललिताबाई वाकल्या. वळणावळणांनी मागे त्यांना गाडी लागली होती. उषाबाईंनी एक हात त्यांच्या कपाळाला लावला, एका हाताने पाठ चोळली. दामिनीने पाण्याची बाटली दिली. त्यांनी चूळ भरली आणि तिथेच गवतावर बसल्या.

उषाबाईही बसल्या.

"येवढ्या मागं कोन बसवते मानसाले," ललिताबाई म्हणाल्या. हे पुटपुटणं नव्हतं. बोलणं होतं, आणि थेट उषाबाईंशी होतं.

"माहं चुकलं," उषाबाई म्हणाल्या.

ललिताबाईंनी पदराने तोंड पुसलं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत त्या थांबल्या. "बाई, तुमाले कोनी नेलं नाही, हे मले मांडवात समजलं. अक्षता पडून राहिल्या होत्या तवा."

"मंग?"

"मंग काय? बाई मागंच राहिली म्हनून सारे हसून राहिले, मीबी हसली. घरी आल्यावर तुमच्याकडे याले निघाली. पारेच्या अर्ध्यातून वापस गेली. काय सांगू तुमाले? तुमी कोन्या जीपमधी आहा ते मी पाहिलंच नाही, हे सांगू? मले लाज वाटली. लाजेनं तोंड लपवलं, अन् तोंड लपवता लपवता मीच रुसली."

उषाबाईंना वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला रडू येईल किंवा राग येईल. दोन्ही आलं नाही. इतकी वर्षं त्या घरात बसून कारणं शोधत होत्या : आपण वांझ म्हणून शुभकार्याला नेलं नाही का, सरितावर फार हक्क दाखवला म्हणून का. एकेक कारण रात्ररात्र त्यांनी उशाशी घेतलं होतं. आणि कारण एवढंच होतं की गर्दीत कोणी पाहिलं नाही. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि थोडं रितंही.

"वापस जाऊ का?" त्यांनी विचारलं. "तुले बरं नाही त."

"कायले वापस? पेढे घेतले ना." ललिताबाई उठल्या. "मी आता मधात बसतो."

"मीबी मधातच येतो."

पुढचा सगळा रस्ता पुढची सीट रिकामी होती आणि दामिनी एकटी गाडी चालवत होती. मागे दोघी बोलत होत्या असंही नाही. मधेच एकजण म्हणायची, "हे गाव पाह्य, किती वाढलं," आणि दुसरी म्हणायची, "हो ना." मग लांबवर काही नाही. अड्याळचा बाजार, पवनीची वेस, आणि मग उजवीकडे ते पाणी. गोसीखुर्दचं पाणी, जिथवर नजर जाईल तिथवर. त्यात वाळलेल्या झाडांचे शेंडे वर निघालेले, आणि शेंड्यांवर पांढरे बगळे. गाडी पाण्याच्या कडेने निघाली. ढग वरही होते आणि खालीही होते. दोघी त्याच काचेतून पाहत होत्या.

नव्या वस्तीतल्या गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ. सरिताचं घर ललिताबाईंनी दाखवलं. आवाज नव्हता, म्हणून कोणी बाहेर आलं नाही. दामिनीने दार उघडलं तेव्हा अंगणात सरिता भांडी घासत होती. तिने मान वर केली. आधी मोठीआई उतरली, मग तिच्या हाताचा आधार घेत आई उतरली. सरिता राखेच्या हातांनी तशीच उभी राहिली.

"एकाच गाडीतून?" एवढंच ती म्हणाली.

मग धावपळ झाली. शेजारणी आल्या, धरणातली ताजी मासळी कोणीतरी आणून दिली, सरिताची गुड्डी गाडीत शिरून एकेका खुर्चीवर बसून पाहू लागली. उषाबाई घरभर फिरल्या. चूल कुठे, देव कुठे, धान्याची कोठी कुठे, सगळं त्यांनी हात लावून पाहिलं. पोरीचा संसार पाहायला इतका उशीर झाला म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. जेवताना मात्र त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

परतताना ऊन तिरपं झालं होतं. पोट भरलेलं, खिडकीतून गार वारा, आणि गाडी पुन्हा डोंग्यासारखी. ललिताबाई केव्हाच झोपल्या होत्या. त्यांचं डोकं घसरत घसरत उषाबाईंच्या खांद्यावर आलं होतं. उषाबाईंनाही गुंगी आली. त्यांना रोवणीची बांधी दिसली. गुडघाभर चिखल, बायकांची रांग, आणि रांगेत शेजारी ललिता, नवी नवरी, हातात धानाच्या रोपांचं हिरवं परं, सारखी मागे पडणारी. "बाई, थांबा ना वो," ती म्हणत होती. आणि त्या थांबल्या होत्या. मग बांधी पाण्याने भरत गेली, भरता भरता तळं झाली, तळ्याचं धरण झालं, आणि त्या दोघी पाण्यावरून चालत होत्या तरी पाय भिजत नव्हते.

जाग आली तेव्हा समोर बोडीटोल्याची पार होती.

गाडी थांबली. ललिताबाई डोळे चोळत उतरल्या, "चहा घेऊन जाजा," म्हणाल्या आणि मागे न पाहता आत गेल्या, कारण दोघी येणारच हे त्यांनी धरलं होतं. दामिनीने हळूच विचारलं, "काकू, गाडी कशी वाटली? बुक करू का?"

उषाबाईंनी गाडीला एकदा पुढून मागून न्याहाळलं. तिच्या दारावर हात फिरवला, निघालेल्या पाव्हण्याच्या पाठीवर फिरवावा तसा.

"लय चांगली आहे. पन तिचं काम झालं, बाई." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ते दुसरी होती ना, मागं हौदा असलेली? तेबी अशीच मुकी चालते का?"

"हो, तशीच."

"तिच्यात किती बसतात?"

"पाच."

"पुरे होतात. धानाचे पोतेबी जातीन. ते लिही माह्या नावानं."

मोठी गाडी पुढे जिल्ह्यात कोणी घेतली नाही. कंपनीने ती परत नेली आणि इकडे तिला गिऱ्हाईक नाही असं ठरवलं. पिकअप मात्र चालेल असं साहेबांना वाटलं, कारण पहिली विकली गेली होती. दामिनीने बाकीचं काही त्यांना सांगितलं नाही. सांगून समजलं असतं असं तिला वाटलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास पिकअप बोडीटोल्याला आली. चालवायला शेतावरचा परसराम होता. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की तळं कुठे संपतं आणि पार कुठे लागते ते समजत नव्हतं. भंडाऱ्याच्या बाजाराला जायचं होतं, ललिताबाईंना सोबत घ्यायचं होतं. परसरामाने गाडी बॅटरीवर हळूहळू नेली आणि ललिताबाईंच्या अंगणाच्या तोंडाशी उभी केली.

अंगणात ललिताबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. ऊन निघायच्या आतच खाटेवर धोतर अंथरून त्यावर कोहळ्याच्या वड्या घालत होत्या. चिमटीने एक वडी ठेवायची, तिच्याकडे पाहायचं, मग दुसरी. तोंडाने काहीतरी चालू होतं, कधी बोलणं, कधी गुणगुणणं. एक कोंबडी जवळ आली तर तिलाही त्यांनी काहीतरी समजावून सांगितलं. गाडी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

परसरामाने हॉर्नवर हात नेला. उषाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब जरासा," त्या म्हणाल्या. "होऊ दे तिचं."

आणि काच खाली करून, धुक्यातून येणारं ते गुणगुणणं ऐकत, त्या जावेकडे पाहत बसल्या.